गावातल्या कंपनीसाठी बाहेरचं भांडवल: विदर्भातल्या नव्या उद्योजकांनी कुठून सुरुवात करावी

वरूड-मोर्शीकडे संत्र्याचं ग्रेडिंग-वॅक्सिंग, समुद्रपूर तालुक्यात वायगावची हळद, भिवापुरात मिरची, यवतमाळ-अकोल्याकडे तूरडाळ, भंडारा-गडचिरोलीत टसर आणि मोहफूल. या मालावर स्वतःची कंपनी उभी करणारी पोरं-पोरी आता तालुक्यातालुक्यात भेटतात. त्यांना कधी ना कधी कोणीतरी सांगतं, "बँकेच्या पायऱ्या कशाला झिजवता, इन्व्हेस्टर शोधा." सल्ला वाईट नाही, पण तो अर्धाच असतो. व्हेंचर कॅपिटलचा किंवा प्रायव्हेट इक्विटीचा पैसा, म्हणजे व्याजाऐवजी कंपनीत हिस्सा घेणाऱ्या फंडांचा पैसा, कंपनीत राहायला येत नाही, ठरलेल्या मुदतीत वाढून परत जायला येतो. म्हणून तो आत कसा आणायचा याआधी तो बाहेर कसा जाणार, हे कागदावर मांडा. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती आहेत.

पायरी १: हा पैसा कोणाचा आणि किती वर्षांचा, ते समजून घ्या

बँक व्याज मागते, गुंतवणूकदार हिस्सा मागतो. वावर बटईने दिलं की मालक व्याज मागत नाही, पिकातला वाटा मागतो, इथेही तसंच. फरक असा की बटई हंगामागणिक सुटते, शेअर एकदा दिला की सहज सुटत नाही.

तुमच्यासमोर बसलेला फंडवाला बहुधा स्वतःचा पैसा देत नसतो. पेन्शन फंड, विमा कंपन्या, सरकारी संस्था आणि श्रीमंत कुटुंबं त्याच्याकडे साधारण दहा वर्षांसाठी पैसा ठेवतात. रूढ पद्धतीत तो दरवर्षी २ टक्क्यांच्या आसपास फी घेतो आणि शेवटी नफ्यातला २० टक्के वाटा. भारतात हे फंड शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या २०१२ च्या पर्यायी गुंतवणूक निधी नियमांखाली नोंदवले जातात. व्हेंचर कॅपिटल पहिल्या वर्गात येतं, प्रायव्हेट इक्विटी दुसऱ्या वर्गात, आणि दोन्ही वर्गांतले फंड बंद मुदतीचे असतात, म्हणजे मुदतीआधी त्यातून हवा तेव्हा पैसा काढता येत नाही. व्हेंचरवाला कोवळ्या कंपनीत थोडा हिस्सा घेतो. प्रायव्हेट इक्विटीवाला चालत्या धंद्यात मोठी रक्कम घालतो आणि अनेकदा ताबाही घेतो. गावातल्या नव्या कंपनीची गाठ आधी पहिल्याशीच पडते.

दहा वर्षांपैकी पहिली चार-पाच वर्षं फंड पैसा घालतो आणि उरलेल्या वर्षांत काढतो. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: तुमच्या फंडाचं कितवं वर्ष सुरू आहे? दुसरं असेल तर तुमच्या हातात सात-आठ वर्षं आहेत. पाचवं असेल तर तुमची संत्र्याची नवी लागवड जेमतेम फळाला येईल तोवर त्यांना बाहेर पडायची घाई झालेली असेल. हा प्रश्न उद्धट वाटेल म्हणून अनेक जण गिळून टाकतात. तो विचारलाच पाहिजे, आणि चांगला फंड त्याचं सरळ उत्तर देतो.

पायरी २: त्यांचं गणित आधी आपण करा

समजा, कंपनीची आजची किंमत ४ कोटी रुपये ठरली आणि फंडाने १ कोटी घातले. पैसे आल्यावर कंपनी ५ कोटींची झाली आणि फंडाचा हिस्सा २० टक्के. फंडाला माहीत असतं की त्याच्या यादीतल्या बऱ्याच कंपन्या बुडतील किंवा जेमतेम मुद्दल देतील. म्हणून जी चालेल ती दहापट चालावी, अशी त्याची अपेक्षा असते. त्याच्या १ कोटीचे १० कोटी व्हायचे तर कंपनी ५० कोटींची व्हायला हवी. पुढच्या फेऱ्यांत, म्हणजे नवे गुंतवणूकदार पैसा घालतील तेव्हा, त्याचा हिस्सा पातळ होणार, हे धरलं तर त्याहून जास्त.

आता रात्री निवांत बसून स्वतःला विचारा: माझी डाळ मिल सहा-सात वर्षांत ५० कोटींची कंपनी होईल का? चार तालुक्यांतली तूर घेऊन नागपूर-अमरावतीच्या दुकानांत विकणारा धंदा पंधरा माणसांना काम देईल, घर नीट चालवेल आणि पोरांना शिकवेल. तो उत्तम धंदा आहे. पण व्हेंचरचा धंदा तो नाही. त्याला हा पैसा जोडला तर वाढीच्या दडपणाखाली दुसऱ्या राज्यात गोदामं उघडावी लागतील आणि चालतं दुकान मोडेल. याउलट संत्र्याची प्रत ओळखणारं यंत्र, कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचा आगाऊ इशारा देणारं साधन किंवा देशभर विकता येईल असा ब्रँड हातात असेल, तर हे गणित जुळू शकतं.

पायरी ३: कशासाठी पैसा हवा, ते वेगळं करा

आपल्याकडच्या प्रक्रिया उद्योगाची खरी ओढाताण हंगामाची असते. तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते, तीन महिन्यांत विकत घ्यावी लागते आणि विकली जाते वर्षभर. या खेळत्या भांडवलासाठी हिस्सा विकू नका. काही महिन्यांची गरज भागवायला कायमचा मालक घरात आणणं फार महाग पडतं. त्यासाठी बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा आहे आणि नोंदणीकृत गोदामात माल ठेवून त्याच्या इलेक्ट्रॉनिक पावतीवर मिळणारं कर्जही आहे.

इमारत आणि यंत्रांसाठी कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षांपर्यंत ३ टक्के व्याज सवलत आहे. लहान अन्नप्रक्रिया उद्योगांना केंद्राच्या पीएमएफएमई योजनेखाली खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, कर्जाशी जोडलेलं अनुदान मिळतं. कल्पना अजून सिद्ध व्हायची असेल तर राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या रफ्तार कार्यक्रमात कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाखांपर्यंत आणि बीज टप्प्यावर २५ लाखांपर्यंत मदतीची तरतूद झाली. या योजनांचे अर्ज कधी खुले असतात, कधी नसतात. तालुका कृषी कार्यालयात जाऊन विचारा. हे सगळे दरवाजे ठोठावल्यावर जी गरज उरेल, म्हणजे उत्पादन विकसित करणं, चांगली माणसं नेमणं, नव्या बाजारात शिरणं, तेवढ्यासाठीच शेअर विकावेत असं माझं मत आहे.

पायरी ४: कंपनीचा प्रकार तपासा

इथे गावोगाव गोंधळ दिसतो. शेतकरी उत्पादक कंपनीत बाहेरचा फंड शेअर घेऊच शकत नाही. कायद्याने तिचे सभासद प्राथमिक उत्पादक किंवा त्यांच्या संस्थाच असतात, शेअर बाहेरच्याला विकता येत नाहीत, आणि व्यक्ती सभासदांच्या कंपनीत शेअर कितीही असले तरी मत एकच. शेतकऱ्याचं राज्य टिकावं म्हणूनच ही रचना आहे. अशा कंपन्यांसाठी सरकारचा मार्ग वेगळा आहे. दहा हजार एफपीओंच्या, म्हणजे शेतकरी उत्पादक संस्थांच्या, योजनेत तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च आणि सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत, एकूण १५ लाखांच्या मर्यादेत, भागभांडवलाला जोड अनुदान दिलं जातं.

मग मोठा पैसा येतच नाही का? येतो. नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्री फार्म्सने २०२२ मध्ये ३१० कोटी रुपये उभे केले. बेल्जियमच्या इनकोफिन आणि कोरिस, नेदरलँड्सची एफएमओ आणि फ्रान्सची प्रोपार्को हे त्यातले गुंतवणूकदार होते. पण तो पैसा शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीत आला नाही, काढणीपश्चात काम करणाऱ्या तिच्या उपकंपनीत आला. वर शेतकऱ्यांची कंपनी, खाली बाहेरचं भांडवल घेऊ शकणारी प्रक्रिया कंपनी. विदर्भातल्या एफपीओंच्या संचालकांनी ही रचना बारकाईने अभ्यासावी. खालच्या कंपनीत वरच्या कंपनीचा हिस्सा पुढच्या तीन फेऱ्यांनंतर किती उरेल, याचा तक्ता सभासदांसमोर आमसभेत मांडावा. मांडला नाही तर चार वर्षांनी भांडण ठरलेलं आहे.

शेअर कोणाच्या नावावर आहेत, हेही आत्ताच पाहा. आपल्याकडे कंपनी काढताना वडील सांगतात म्हणून पुण्यात नोकरी करणाऱ्या भावाच्या नावे ४० टक्के टाकलेले असतात. गुंतवणूकदार विचारतो, हा माणूस कंपनीत काय करतो? त्याला उत्तर लागतं. नात्यात कडवटपणा न येता हे सोडवायचं तर पैसा दारात यायच्या आधी सोडवा.

आणि घरचं वावर कंपनीच्या नावावर करू नका. विदर्भाला शेतजमिनीच्या कुळवहिवाटीचा १९५८ चा स्वतंत्र कायदा लागू आहे आणि बिगरशेतकऱ्याकडे शेतजमीन जाण्यावर त्यात निर्बंध आहेत. युनिटला जागा हवी असेल तर रीतसर अकृषिक केलेला तुकडा भाडेकराराने कंपनीला द्या. सातबारा वेगळा, कंपनी वेगळी.

पायरी ५: पैसा कोणत्या देशातून येतोय, ते विचारा

आशियात या धंद्याची ओढ कशी वाढली ते थोडं माहीत असावं. जपानच्या सॉफ्टबँकेने २००० साली चीनच्या अलीबाबात सुमारे २ कोटी डॉलर घातले. २०१४ मध्ये अलीबाबाने न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदणी करून सुमारे २,५०० कोटी डॉलर उभारले, तेव्हा सॉफ्टबँकेचा हिस्सा हजारो कोटी डॉलरचा झाला होता. आपल्याकडे २०१८ मध्ये वॉलमार्टने १,६०० कोटी डॉलर देऊन फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा घेतला आणि आधीच्या अनेक गुंतवणूकदारांचा पैसा सुटला. याउलट चीनच्या अँट समूहाची शेअर विक्री नोव्हेंबर २०२० मध्ये नोंदणीला दोन दिवस उरले असताना थांबवली गेली आणि आत बसलेले आतच राहिले. आशियातल्या गुंतवणूकदाराला बाहेर पडायच्या दाराची इतकी काळजी का असते, ते यावरून कळतं.

आज सिंगापूरच्या टेमासेक आणि जीआयसीसारख्या सरकारी संस्था, आखाती देशांचे निधी आणि जपानी कंपन्या भारतात पैसा घालतात. तुमच्यापर्यंत तो बहुधा एखाद्या भारतीय फंडामार्फत येईल. घरचे निधीही आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेला ७५० कोटींचा ॲग्रीशुअर निधी नाबार्डची उपकंपनी नॅबव्हेंचर्स सांभाळते, आणि तो शेती क्षेत्रातल्या स्टार्टअपसाठी आणि ग्रामीण उद्योगांसाठी आहे.

थेट परदेशी पैसा येत असेल तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. अन्नप्रक्रियेत १०० टक्के परकीय गुंतवणूक आपोआप मंजुरीच्या मार्गाने चालते, पण कापूस-सोयाबीनसारखी पीकशेती करणाऱ्या कंपनीत ती चालत नाही. आणि एप्रिल २०२० पासून भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतल्या गुंतवणुकीवर केंद्राच्या पूर्वपरवानगीची अट आली. ती चीनला डोळ्यासमोर ठेवून आली, पण कागदावर बांगलादेश-नेपाळलाही लागू होते. पैशामागचा अंतिम मालक कोण, हे लेखी घ्या.

मध्येच, गुंतवायला निघालेल्यांसाठी

हा भाग मी कळकळीने लिहितोय, कारण गावागावात माणसं फसताहेत. कापसाचे चुकारे आले, जमीन रस्त्यात गेल्याचा मोबदला आला की व्हॉट्सॲपवर कोणीतरी व्हेंचर फंडात ५०,००० रुपये लावायला सांगतं किंवा आयपीओ (कंपनीची जनतेला पहिली शेअर विक्री) येण्याआधीचे शेअर देऊ करतं. सेबीच्या नियमाने सर्वसाधारण गुंतवणूकदाराला अशा निधीत किमान १ कोटी रुपये घालावे लागतात, आणि हे निधी जाहिरात करून जनतेकडून पैसा गोळा करू शकत नाहीत. म्हणजे ५०,००० रुपयांत व्हेंचर फंड विकणारा माणूस पहिल्याच वाक्यात खोटा ठरतो. नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा, त्याने पाठवलेल्या फोटोवर विसंबू नका. ऑनलाइन पैसे गेलेच तर त्याच दिवशी १९३० वर फोन करा. उशीर झाला की रक्कम अडवणं अवघड होतं.

उलट बाजूनेही सांभाळा. आपल्या कंपनीसाठी गावात पावत्या फाडून पाच-पाच हजार गोळा करणं बेकायदा आहे. खासगी कंपनीला शेअर द्यायचे तर ठरावीक, नावानिशी लोकांनाच प्रस्ताव देता येतो, तोही वर्षात २०० जणांच्या मर्यादेत. ठेवी म्हणून घेतलात तर २०१९ चा अनियंत्रित ठेवींवरील बंदीचा कायदा आणि महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा दोन्ही अंगावर येतात.

पायरी ६: वह्या सरळ करा

फंड पैसा देण्याआधी महिना-दोन महिने कागद तपासतो: जीएसटी विवरणं, बँकेचे उतारे, लेखापरीक्षण, कंपनी निबंधकाकडचे वार्षिक फॉर्म, अन्न परवाना, थेट खरेदीचा पणन परवाना, कोर्टातली प्रकरणं. आपला कच्चा दुवा शेतकऱ्याकडून केलेली खरेदी. शेतमालापोटी शेतकऱ्याला रोखीने पैसे देण्याची आयकरात मुभा आहे, पण तपासणाऱ्याला पुरावा हवा असतो. काटापट्टी, शेतकऱ्याचं नाव-गाव, दर, ओलावा आणि दिलेली रक्कम एकाच नोंदीत हवी, आणि शक्य तितकं देणं थेट बँक खात्यात.

आकडे फुगवायचा मोह कोणालाही होऊ शकतो, विशेषतः मागच्या फेरीत मोठी स्वप्नं विकलेली असतील तर. इंडोनेशियातल्या ई-फिशरीचं काय झालं, ते वाचून ठेवा. मत्स्यशेतकऱ्यांना खाद्ययंत्रं देणारी ही कंपनी २०२३ मध्ये १०० कोटी डॉलरच्या वर मोजली गेली, टेमासेक आणि सॉफ्टबँक तिच्यात होते. पुढे तपासाच्या प्राथमिक अहवालात दिसलं की २०२४ च्या पहिल्या नऊ महिन्यांची विक्री गुंतवणूकदारांना सुमारे ७५ कोटी डॉलर दाखवली होती आणि खरी होती सुमारे १६ कोटी. नामांकित गुंतवणूकदार आत आहेत म्हणून हिशेब खरे असतात, हा समज तिथे मोडला. त्यानंतर शेतीतल्या कंपन्यांची तपासणी अधिक कसून होणार, हे उघड आहे. तलाव असो की वावर, लांबून पैसा देणाऱ्याला प्रत्यक्ष दिसत नाही; त्याला तुमच्या वहीवरच भरवसा ठेवावा लागतो.

बाजाराबद्दलही खरं सांगा. बांगलादेशाने आयातशुल्क वाढवत नेल्यावर आपल्या संत्र्याची तिकडची निर्यात कशी ढासळली, ते फंडाला ठाऊक असतं. तुमच्या योजनेत एकाच देशावर मदार असेल तर तो तिथेच बोट ठेवेल.

पायरी ७: टर्म शीट ओळीओळीने वाचा

टर्म शीट म्हणजे अटींचा कच्चा मसुदा. त्यातलं बरंचसं कायद्याने बांधून ठेवत नाही. गुप्तता आणि ठरावीक काळ दुसऱ्याशी न बोलण्याची अट मात्र बांधते. नंतरच्या करारात यातलं काही बदलून घेणं जवळजवळ अशक्य असतं, म्हणून वकिलाचा पैसा इथे खर्च करा. सगळे जण कंपनीच्या किमतीवर भांडतात. मला त्याहून पुढच्या अटी मोलाच्या वाटतात.

आधी मुद्दल कोणाची? समजा, फंडाने २ कोटी देऊन २५ टक्के घेतले. दोन वर्षं बहार गेला आणि कंपनी ३ कोटींना विकावी लागली. नुसत्या हिश्श्याने त्याचे ७५ लाख होतात. पण करारात मुद्दल आधी परत घेण्याचा हक्क असतोच, म्हणजे २ कोटी त्याचे आणि उरलेला १ कोटी बाकी सगळ्यांचा. हे एकपट मान्य करावं, तो रिवाज आहे. काही करारांत मुद्दल घेऊन वर पुन्हा हिस्साही घेण्याची अट असते: २ कोटी, अधिक २५ लाख. ती काढून घ्यायचा प्रयत्न करा. दुप्पट मुद्दलाची मागणी असेल तर उठून या.

ओढून नेण्याचा हक्क, म्हणजे ड्रॅग अलाँग. ठरावीक वर्षांनी फंडाला गिऱ्हाईक मिळालं तर तो तुम्हालाही शेअर विकायला लावू शकतो. पैसा बाहेर कसा जाणार, त्याचं उत्तर अनेकदा याच कलमात दडलेलं असतं. किती वर्षांनी, किमान किती किमतीला, आणि पहिली खरेदी करायची संधी तुम्हाला मिळेल का, हे तीन आकडे-शब्द त्यात लिहून घ्या.

पुनर्खरेदीची जबाबदारी कोणावर? मुदतीत बाजारात नोंदणी किंवा विक्री झाली नाही तर शेअर परत घ्यावेत, अशी अट असते. ती कंपनीवर असू द्या. 'प्रवर्तक', म्हणजे कंपनी काढणारे तुम्ही, हा शब्द तिथे दिसला तर उद्या तुमच्या घरादारापर्यंत गोष्ट येऊ शकते. वैयक्तिक हमीवर सही नको.

पुढच्या फेरीत भाव उतरला तर जुन्या गुंतवणूकदाराला जास्त शेअर मिळतात. त्याचा हिशेब भारित सरासरीने, म्हणजे स्वस्तात किती शेअर निघाले ते धरून, व्हावा; फुल रॅचेटने, म्हणजे त्याचा जुना भाव थेट नव्या उतरलेल्या भावावर आणून, नको. संस्थापकांचे शेअर चार वर्षांत हळूहळू पक्के होण्याची अट मात्र चांगली आहे. सहा महिन्यांत निघून जाणाऱ्या भागीदारापासून ती तुम्हालाच वाचवते.

पायरी ८: पैसे आल्यावर, आणि कधी आणायचे

पैसा बँकेच्या वेगळ्या खात्यात घ्यावा लागतो. ६० दिवसांत शेअर वाटप, वाटपानंतर १५ दिवसांत निबंधकाकडे शेअर वाटपाचा पीएएस-३ फॉर्म, आणि तो भरेपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही. परदेशी गुंतवणूकदार असेल तर वाटपानंतर ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर, म्हणजे परदेशी व्यक्तीला शेअर दिल्याची माहिती देणारा फॉर्म, भरायचा. तालुक्याच्या शाखेत हे काम क्वचितच येतं, म्हणून नागपूर किंवा अमरावतीतल्या परकीय चलनाचं काम पाहणाऱ्या शाखेशी आधीच बोलून ठेवा.

पहिल्या भेटीपासून खात्यात पैसे येईपर्यंत सहा महिने सहज जातात. तुरीच्या हंगामात नवं यंत्र चालवायचं असेल तर बोलणी होळीनंतर सुरू करा, टर्म शीट पोळ्याच्या आसपास हातात घ्या आणि पीएएस-३ दिवाळीपर्यंत भरून टाका.